डाव्या कुशीवर

"डाव्या कुशीवर वळा," मी म्हणते.
दिवसाला बावीस वेळा म्हणते.
"उजवा हात डोक्यावर. श्वास घ्या. धरा."

एनिड फॅझाकर्ली, वय एकोणऐंशी,
कोपरावर रेलते, कागदी चादर कमरेपर्यंत ओढते
आणि हसते:
"अश्शीच पडलीय ती. बावीसशे वर्षं.
आमची मातीची बाई, म्युझियमच्या दुसऱ्या मजल्यावर."

तीस वर्षं एनिड खुर्ची टाकून बसली होती
त्या एट्रुस्कन दालनात.
शवपेटीच्या झाकणावर ती बाई,
गालांवर उरलेला गुलाबी रंग, हातात आरसा,
जेवता जेवता कुणी हाक मारली म्हणून मान वर केलेली.
"नवऱ्याच्या शेजारी बसून जेवायच्या बरं का,
शेजारचे ग्रीक नावं ठेवायचे!
आणि नाव स्वतःचं. थडग्यावरसुद्धा."

(माझ्या आईचं नाव ताटातल्या तांदळात
अंगठीच्या टोकाने बदललं. नंतर त्याच तांदळाची खीर झाली.)

जेल मी आज कोमट करून घेतलंय.
"धरा."
पडद्यावर राखाडी आभाळ उगवतं.

आमच्याकडे खाटकाला काळीज मागतात तेव्हा हेच मागतात,
आणि लेक सासरी निघाली की तुटतं तेही हेच.
काळजी इथूनच आली असणार.
मला कुणी व्युत्पत्ती सांगू नका, मी रोज बघते.

"तुमच्यासारखेच होते त्यांचे पुजारी," एनिड म्हणते,
"मेंढीचं काळीज तळहातावर घेऊन वाचायचे.
आमच्याकडे पितळी नमुन्याची नक्कल आहे. खरा इटलीत.
कडेने सोळा घरं, एकेका घरात एकेक देव.
कुठल्या घरात डाग, तो देव रागावलाय."
मग जरा थांबून, "गावाचं नाव बघा ना, लिव्हरपूल!"
ती हसते तशी प्रतिमा हलते.
"हसू नका. श्वास घ्या. धरा."

आठव्या फासळीखाली एक.
मी माप घेते. बाजूला दुसरा.
तिसरा.

माझे वडील गुरव. रवळनाथाच्या पाषाणावर
ओल्या पाकळ्या चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचे,
मागून माणसं म्हणायची, व्हय म्हाराजा.
उजवी पडली तर होकार. डावी पडली तर थांबायचं.
कधी कधी पडायचीच नाही. मग सगळा गाव
मंडपात श्वास धरून.
आणि कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असलं
की उजव्या पाकळीला पाणी कमी लावायचे. मी पाहिलं होतं.
त्यांनी पाहिलं की मी पाहिलं.
त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

या यंत्राला पाणी कमी लावता येत नाही.

"दिसतंय काही?"
"डॉक्टर सांगतील, मिसेस फॅझाकर्ली."
"म्हणजे दिसतंय."
"सोडा. श्वास सोडा."
टिश्यूऐवजी मी टॉवेल घेतला, मऊ,
आणि तिची कूस पुसली, जरा जास्तच वेळ.

निघताना कोटाची बटणं लावत ती म्हणाली,
"जाऊन या एकदा. तिच्या आरशासमोरच्या काचेवर
शाळेतली पोरं नाकं दाबतात. नवा मुलगा पुसत नाही नीट."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत गेले.
बाहेर नदीवरून समुद्रपक्षी किंचाळत होते,
उजवीकडून की डावीकडून, मी पाहिलं नाही, मुद्दामच.
पितळी काळीज माझ्या मुठीएवढं.
अक्षरं उजवीकडून डावीकडे. शेजारच्या तक्त्यावर
त्यांचे उच्चार दिले होते.
मी हळूच वाचलं. ओठांना जमलं.
अर्थ फार थोडा कुणाला ठाऊक आहे, तक्ता म्हणत होता.
माझा लेक मराठी असंच वाचतो.

मातीच्या बाईसमोर काचेवर खरंच तीन नाकं.
मी बाहीने पुसायला लागले.
"काचेला हात नको," मागून नवा मुलगा म्हणाला,
नाइलाजाने म्हणाल्यासारखं, आणि उठून उभा राहिला.

त्याच्या खुर्चीत अजून तिची उशी होती,
लोकरीची, हाताने विणलेली,
डाव्या अंगाला दबलेली.